खाऱ्या विहिरींची शाळा

पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि चव नसते, असे आपण प्राथमिक शाळेत पाठ केलेले असते. पण अकोला, मूर्तिजापूर किंवा दर्यापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या मुलाचा या वाक्यावर विश्वास बसणे कठीण. त्याच्या गावच्या विहिरीच्या पाण्याला चव असते आणि ती खारट असते. डाळ त्या पाण्यात लवकर शिजत नाही, भांड्यावर पांढरे डाग उरतात, आणि विहीर काठोकाठ भरलेली असली तरी शेतकरी ते पाणी पिकाला द्यायला कचरतो.

हा आहे वऱ्हाडातील खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर असून त्यात जवळजवळ ९०० गावे येतात. पर्यावरण हा विषय शिकण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा शोधूनही सापडणार नाही. तिला भिंती नाहीत, कुलूप नाही आणि तिच्यातले प्रश्न खरे आहेत.

पुस्तकातले पर्यावरण आणि शिवारातले पर्यावरण

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवावा, असे सांगितले. तेव्हापासून या विषयाची पुस्तके आली, परीक्षा आल्या आणि प्रकल्पाच्या वह्याही आल्या. मात्र वही भरली म्हणजे विषय कळला, असे होत नाही. ध्रुवावरचे बर्फ का वितळते हे पाच ओळींत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गावची विहीर खारी का, हे अनेकदा सांगता येत नाही.

हाताने करून शिकण्याचा एक मोठा प्रयत्न वऱ्हाडापासून फार दूर झालेला नाही. सातपुड्याच्या पलीकडे, त्या वेळच्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम्) जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुले स्वतः प्रयोग करीत, सहलीला जाऊन माती, पाने, कीटक गोळा करीत आणि निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहीत. परीक्षेतसुद्धा प्रयोग करावा लागे. पुढे तो कार्यक्रम शेकडो शाळांत पोहोचला आणि २००२ साली बंद झाला. साध्या खेड्यातील मुलेही स्वस्त साहित्यातून खरे विज्ञान करू शकतात, हे त्या तीस वर्षांत दिसून आले.

आपणही तसेच करू या. पुढील प्रयोगांना लागणारे बहुतेक साहित्य शाळेत किंवा घरी मिळते.

पहिला प्रयोग : पाण्यातले मीठ मोजणे

चव घेऊन पाण्याची परीक्षा करू नका. चव माणसागणिक बदलते, आणि अनोळखी पाणी तोंडात घालणे धोक्याचेही असते. आपण मोजमाप करू.

स्वच्छ बाटली विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या आणि मग भरा. बाटलीवर गाव, विहिरीची खूण, खोली आणि तारीख लिहा. शाळेत आल्यावर पाणी गाळणकागदातून गाळा. एका बाष्पन बशीचे वजन करा. तिच्यात मोजून १०० मिलिलिटर पाणी घाला आणि मंद आचेवर आटवा. शेवटी थोडे पाणी उरले की बशी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवा, नाहीतर क्षार तडतडून बाहेर उडतात. बशी कोरडी झाल्यावर थंड होऊ द्या आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतील फरक म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार.

समजा, फरक ०.१८ ग्रॅम आला. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १८० मिलिग्रॅम, अर्थात एका लिटरमध्ये १,८०० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विद्राव्य क्षार एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणी मिळतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असतात. तुमची विहीर या पट्टीवर कोठे बसते ते पाहा.

शाळेत नाजूक तराजू नसेल तरी अडत नाही. सोनाराकडून ४ ग्रॅम मीठ मोजून आणा व ते १ लिटर पावसाच्या पाण्यात विरघळवा. त्यातले निम्मे घेऊन तेवढेच पावसाचे पाणी मिसळले की लिटरला २ ग्रॅमचे द्रावण होते. पुन्हा निम्मे केले की १ ग्रॅमचे आणि त्यानंतर अर्ध्या ग्रॅमचे. या चार द्रावणांचे आणि विहिरीच्या पाण्याचे प्रत्येकी दहा थेंब स्वच्छ काचेवर वेगवेगळ्या जागी टाकून उन्हात वाळवा. उरलेल्या पांढऱ्या डागांची तुलना केली की अंदाज येतो. पावसाळा नसेल तर बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी चालेल.

हा प्रयोग करताना एक इतिहास आठवावा. एप्रिल १९३० मध्ये देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता. समुद्र तर वऱ्हाडापासून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा इथल्या सत्याग्रहींनी अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथील खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ तयार केले आणि कायदा मोडला. तुमच्या बशीत उरणारी पांढरी पूड त्याच भूमीतली आहे. तिच्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले, तर ते नुसते खाण्याचे मीठ नाही. त्यात कार्बोनेटेही आहेत.

दुसरा प्रयोग : साबणाचा फसवा फेस

एक चमचा साबणाचा कीस अर्ध्या पेला पावसाच्या पाण्यात विरघळवा. धुण्याची पावडर घेऊ नका, साबणच हवा. चार सारख्या परीक्षानळ्यांत वेगवेगळ्या ठिकाणचे १० मिलिलिटर पाणी घ्या. साबणाचे पाणी थेंबथेंब टाकत नळी हलवत राहा. अर्धा मिनिट टिकणारा फेस यायला किती थेंब लागले, ते लिहा. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील तर साबणाचा साका होतो आणि थेंब जास्त लागतात. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो.

आता या आकड्यांशेजारी पहिल्या प्रयोगाचे आकडे मांडा. सगळ्यांत जास्त क्षार असलेले पाणी सगळ्यांत जड निघेल, असे वाटते ना? तसे नेहमी होत नाही. ज्या पाण्यातील क्षार मुख्यतः सोडियमचे असतात, ते खारे असूनही साबणाला चांगला फेस देते. घरच्या बाईला ते पाणी धुण्यासाठी बरे वाटते. शेतीला मात्र नेमके तेच पाणी घातक ठरू शकते. ते कसे, हे पुढच्या प्रयोगात दिसेल.

तिसरा प्रयोग : चार बाटल्यांतली काळी माती

चार सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. प्रत्येकीत दोन चमचे बारीक केलेली काळी माती टाका. शक्य असल्यास ही माती सातपुड्याच्या पायथ्याकडची किंवा गोड्या पाण्याच्या भागातली घ्या.

पहिल्या बाटलीत २०० मिलिलिटर पावसाचे पाणी घाला. दुसरीत तेवढ्याच पाण्यात पाव चमचा धुण्याचा सोडा घाला. तिसरीत खडूचे पाणी घाला. फळ्यावर लिहायचा साधा पांढरा खडू बहुधा जिप्समचा असतो. दोन खडू कुटून अर्धा लिटर पाण्यात खूप वेळ हलवा, रात्रभर ठेवा आणि वरचे नितळ पाणी घ्या. खडूवर लिंबाचा रस टाकून बुडबुडे आले, तर तो जिप्समचा नाही. दुसरा खडू शोधा. चौथ्या बाटलीत दोन मोठे चमचे मीठ विरघळवलेले पाणी घाला.

चारही बाटल्या पन्नास वेळा हलवून टेबलावर ठेवा. दहा मिनिटांनी, एक तासाने आणि दुसऱ्या दिवशी पाहा. खडूच्या पाण्यातली माती गोळा होऊन खाली बसते आणि वरचे पाणी नितळ होते. सोड्याच्या बाटलीतले पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. मिठाच्या बाटलीतही माती खाली बसते! मग मीठ मातीला अपाय करीत नाही, असे म्हणायचे का?

थांबा. मिठाच्या बाटलीतले वरचे पाणी ओतून टाका. पुन्हा मिठाचे पाणी घालून हलवा, बसू द्या, ओता. असे दोनदा करा. त्यानंतर त्याच मातीवर पावसाचे पाणी घाला, हलवा, बसू द्या व ओता. दोन-तीन धुण्यांनंतर माती खाली बसेनाशी होते. पाणी दुधाळ-काळे होऊन तसेच राहते.

याचे कारण मातीच्या कणात आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. त्यांच्याभोवती धन भाराचे आयन गोळा होतात. कॅल्शियमच्या आयनावर दोन भार असल्यामुळे तो कणाला घट्ट चिकटतो. कणांमधील प्रतिकर्षण कमी होते, ते एकमेकांजवळ येतात आणि त्यांचे गोळे बनतात. सोडियमच्या आयनावर एकच भार आहे. तो सैल राहतो, कण एकमेकांना दूर लोटत राहतात आणि सुटे सुटे होतात. पाण्यात पुष्कळ मीठ असेतो ही लोटालोट दबलेली असते. पाणी गोडे झाले की ती उघडी पडते.

आता शेताकडे वळा. रब्बीत शेतकऱ्याने हरभऱ्याला खाऱ्या विहिरीचे पाणी दिले. पीक बरे दिसले, माती ठीक दिसली. पुढच्या मृगाचा पाऊस आला, वरचे मीठ धुऊन गेले, पण कणांना चिकटलेले सोडियम राहिले. मातीचे कण सुटले, त्यांनी जमिनीतील बारीक छिद्रे बुजवली. पाणी जिरेना, हवा खेळेना, वाळल्यावर वरचा थर दगडासारखा झाला. अशा जमिनीला आपल्याकडे चोपण म्हणतात. चूक हिवाळ्यात होते आणि तिचे फळ पावसाळ्यात दिसते; म्हणून तिचे कारण ओळखणे अवघड जाते. तुमच्या चौथ्या बाटलीने ते दोन दिवसांत दाखवून दिले.

खडूच्या बाटलीतच उपायाची दिशाही दिसते. चोपण जमिनीत जिप्सम घालतात ते याचसाठी. कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर निघून जाते. पण निघून जायला वाट हवी. निचरा नसेल तर नुसते जिप्सम टाकून भागत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पूर्णेच्या खोऱ्यातील या जमिनींवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे.

चौथा प्रयोग : डब्यातून पाणी किती जिरते?

हा प्रयोग शिवारात करायचा. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पत्र्याचा डबा ५ सेंटिमीटर जमिनीत ठोका. डब्याच्या आत खुणा करा. त्यात पाणी भरा आणि दर पाच मिनिटांनी पातळी किती उतरली ते लिहा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिले पाणी भसाभसा जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जणू थांबते. तासाभराच्या नोंदींचा आलेख काढा. त्यानंतर हाच प्रयोग धुऱ्यावर, गवताखाली, बाभळीच्या सावलीत आणि रोज वखर-डवरा चालणाऱ्या पऱ्हाटीच्या शेतात करा. एकाच गावात किती निरनिराळे आकडे येतात, ते पाहून आश्चर्य वाटेल. शेतमालकाची परवानगी मात्र आधी घ्या.

उत्तर-दक्षिण रेषा

आता सगळे तुकडे एकत्र जोडू. नकाशावर अकोल्याहून अकोटकडे जाणारा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता पाहा. वाटेत गांधीग्रामजवळ तो पूर्णा नदी ओलांडतो, मग चोहोट्टा लागतो, पुढे अकोट, आणि त्यापुढे पोपटखेड व नरनाळ्याचा डोंगर. अमरावती जिल्ह्यातील शाळांना दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा हा मार्ग घेता येईल. दर पाच किलोमीटरवर एक विहीर निवडा, तिच्या पाण्यावर पहिले दोन प्रयोग करा आणि आकडा नकाशावर रंगाने दाखवा : ५०० पर्यंत निळा, २,००० पर्यंत पिवळा, त्यापुढे तांबडा.

डोंगराच्या पायथ्याशी निळे ठिपके आणि नदीच्या दोन्ही अंगांना तांबडे ठिपके दाटलेले दिसतील, अशी अपेक्षा आहे. पायथ्याशी गोटे, वाळू आणि मुरूम यांचा थर आहे. त्यात पाऊस झटकन मुरतो आणि पाणी वाहते राहते. पूर्णेचे खोरे मात्र खचलेल्या भूभागात साचलेल्या गाळाने भरले आहे. काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरांपेक्षाही जाड आहे. येथे चिकणमाती फार, उतार कमी आणि निचरा मंद. पाऊस वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने सूर्य पाणी उडवीत असतो. खडकांच्या झिजेतून आलेले क्षार वाहून जात नाहीत, साठत जातात. तुमची बाष्पन बशी जे काम एका तासात करते, तेच निसर्गाने हजारो वर्षे केले आहे. पूर्वी येथे समुद्र होता, असेही गावोगाव सांगतात. पण विहिरी खाऱ्या होण्यासाठी समुद्रच हवा असे नाही, हे बशीने आपल्याला शिकवले.

सर्व ठिपके अपेक्षेप्रमाणे पडले नाहीत तर ते खोडू नका. तांबड्या ठिपक्यांत एखादा निळा आला, तर तिथे जाऊन पाहा. शेजारी नाला असेल, तलाव असेल किंवा विहीर उथळ असेल. अपवाद सापडला की खरा अभ्यास सुरू होतो. हीच मोजणी एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये करा. पावसाने किती फरक पडला ते कळेल. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातील शाळांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे पाणी गोडे, पण उपसा फार झाल्याने पातळी खोल गेलेली. त्यांनी दोरीला खुणा करून महिन्यातून एकदा विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी.

जपून बोला

या प्रयोगांना मर्यादा आहेत. पाणी कमी खारे निघाले म्हणजे ते पिण्यास योग्य ठरले, असे नाही. रोगजंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड या चाचण्यांतून दिसत नाहीत. त्यासाठी सरकारी प्रयोगशाळेत नमुना पाठवावा लागतो. खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या बातम्या येतात. लोकांचा रोख पाण्याकडे असतो आणि चिंता रास्त आहे. परंतु दोन गोष्टी एकाच गावी आढळल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कोणाच्या विहिरीला विषारी ठरवू नका. ‘अमुक तारखेला, अमुक विहिरीत, लिटरला इतके क्षार’ एवढेच सांगा. ते सत्य आहे आणि ते पुरेसे आहे. विहिरीत वाकू नका. पाणी मोठ्या माणसाकडून काढून घ्या.

मग याचा उपयोग काय? एक हिशेब करा. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि पाऊस ८०० मिलिमीटर पडला, तर ८०,००० लिटर गोडे पाणी छपरावर येते. पाचवा भाग वाया गेला तरी ६४,००० लिटर उरते. खारपाणपट्ट्याला पाऊस कमी पडत नाही. तो साठवायला जागा कमी पडते. म्हणून येथे शेततळ्याचे महत्त्व मोठे आहे. पावसाचे पाणी तळ्यात धरून खंड पडल्यावर पिकाला द्यायचे, म्हणजे खाऱ्या विहिरीला हात लावावा लागत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावे मुद्दाम घेतली गेली.

शिक्षकांना एक सूचना. चार तासिका आणि दोन शनिवार एवढ्यात हे सर्व बसते. वर्गाचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एक विहीर कायमची वाटून द्या. नोंदवही शाळेत राहू द्या. पुढच्या वर्षीच्या नववीने तिथूनच पुढे लिहावे. पाच वर्षांची सलग नोंद असलेली वही ग्रामपंचायतीलाही हवीशी वाटेल.

करून पाहा, शोधून पाहा

१. नळाचे पाणी, हातपंपाचे पाणी आणि विहिरीचे पाणी यांत क्षार किती? नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते?

२. खारपाणपट्ट्यातील मातीची पहिली बाटली आणि पायथ्याच्या मातीची पहिली बाटली शेजारी ठेवा. कोणती लवकर नितळते?

३. चोपण जमिनीतील मातीला खडूचे पाणी किती वेळा दिले म्हणजे ती खाली बसू लागते?

४. गावातील वृद्ध शेतकऱ्यांना विचारा : कोणती विहीर पूर्वी गोडी होती आणि आता खारी झाली? त्या विहिरीची नोंद आजपासूनच सुरू करा.